आधी खाली निजा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींच्या शेडमध्ये गाडी घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला ते पहिलं वाक्य हेच ऐकवायचे, "आधी खाली निजा." नमस्कार नाही, काय झालंय अशी चौकशी नाही. शेडच्या कोपऱ्यात एक पोतं गुंडाळून ठेवलेलं असायचं. ते पोतं गाडीखाली अंथरायचे, हातातली बॅटरी मालकाच्या हातात द्यायचे आणि बाजूला उभे राहायचे. वकील असो, डॉक्टर असो, मालकानं पाठीवर पडून आपल्या गाडीचं पोट बघितल्याशिवाय ते गाडीला बोट लावत नसत. निम्मे लोक तिथूनच परत जायचे. त्याचं त्यांना काही वाटत नसे. पोतं झटकून पुन्हा गुंडाळून ठेवायचे.

सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, मीही म्हणे. जुन्या गाड्यांचा गंज काढणं एवढंच त्यांचं काम. इंजिन, ब्रेक, वायरिंग यांतलं काही विचारलं तर हात उडवून शेजारच्या गॅरेजकडं दाखवायचे. "त्ये दुसऱ्याचं. माझं पत्र्याचं." शेड बंद करून ते बिद्रीजवळच्या आपल्या गावी जाऊन राहिले त्याला आता दोन वर्षं होतील. तरी जुनी गाडी सांभाळणारं कुणी भेटलं की पाच मिनिटांत त्यांचा विषय निघतो. आणि प्रत्येकाकडं सांगायला वेगळं काहीतरी असतं.

माझी गाडी म्हणजे एक पिवळी जीप, मागं समोरासमोर बाकं असलेली. सकाळी आणि दुपारी शाळेच्या अकरा मुलांची ने-आण मी स्वतः करते. गाडी तेव्हा सतरा वर्षांची होती. एप्रिलात, परीक्षेच्या आदल्या दिवशी, चौथीतल्या एका मुलीची स्टीलची पट्टी हातातून निसटून बाकाखाली गेली आणि काही केल्या मिळेना. मुलं उतरल्यावर मी खालचं रबरी मॅटिंग उचललं. पत्र्याला माझी मूठ जाईल एवढं भोक होतं आणि भोकातून डांबरी रस्ता दिसत होता.

वर्षभरापूर्वीच एका गॅरेजमध्ये मी त्याच जागेचं काम करून घेतलं होतं. तिथं त्यांनी 'लांबी' भरली होती. लांबी म्हणजे खड्डे बुजवायचा राखाडी लगदा. तो वाळतो, घासला की गुळगुळीत होतो आणि वरून रंग मारला की खालचा पत्रा शाबूत आहे की नाही हे कुणालाच कळत नाही. मलाही कळलं नव्हतं. कामाचा फोटो काढून मी तारखेसकट जपून ठेवला होता.

मिस्त्रींकडं गेले ती नेहमीच्या पद्धतीनं, यादी करून. एकोणीस मुद्दे होते. दाराच्या कडेचे फुगे, मडगार्डवरचे डाग, पायरीचा कोपरा, तळाचं भोक. मी वाचायला लागले तर त्यांनी हात पुढं करून कागद मागून घेतला. त्यांना कमी ऐकू यायचं. चाळीस वर्षं पत्र्यावर हातोडा मारून कान गेले होते. चष्मा लावून त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी यादी वाचली, घडी घातली आणि कागद मला परत दिला.

"अक्षर चांगलं हाय," ते म्हणाले. "आता आधी खाली निजा."

मी ड्रेसवर होते म्हणून बरं. पोत्यावर पडून सरकत सरकत गाडीखाली गेले. दुसऱ्या बाजूनं मिस्त्री आले, पोतं न घेता, थेट फरशीवर. अंगात पांढराशुभ्र शर्ट.

"काय दिसतंय?" त्यांनी मोठ्यानं विचारलं. ते नेहमीच मोठ्यानं बोलत.

"काळं दिसतंय. ऑईल आहे ते. दरवर्षी मे महिन्यात मी खालून जळकं ऑईल मारून घेते. पावसाळ्याआधी. एक वर्षही चुकवलं नाही."

"व्हय. लई झकास बसलंय."

मला बरं वाटलं. वर्षानुवर्षं माझ्या मे महिन्याच्या यादीत ते काम पहिलं असायचं. आमच्याकडं सगळेच मारतात. इंजिनातून काढलेलं जुनं ऑईल बाटलीत साठवून ठेवायचं आणि पावसाच्या तोंडाला गाडीच्या पोटाला फासायचं, म्हणजे गंज येत नाही.

मिस्त्रींनी खिशातून एक जाड तार काढली. गाडीच्या पुढून मागपर्यंत दोन्ही बाजूंनी जाड पोलादी पेटीसारखे दांडे असतात, त्यांवर सगळी गाडी उभी असते. त्याला चासी म्हणतात. डाव्या दांड्याच्या बुडाशी ते तारेनं चाचपत राहिले.

"हितं एक भोक असतंय. कंपनीच ठेवती. आतलं पाणी भाईर पडाय."

भोक दिसत नव्हतं. ऑईल आणि धूळ मिळून त्याचा डांबरासारखा गोळा झाला होता. त्यांनी तार आत खुपसली, फिरवली आणि ओढली. आधी काही झालं नाही. मग आतून माती गळायला लागली. बारीक, पिठासारखी, करड्या रंगाची. ती थांबेचना. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर तिचा ढीग झाला. त्यांनी चिमूटभर घेऊन बोटांत चोळली, वास घेतला.

"पुरात हुती गाडी?"

"नाही," मी म्हणाले.

खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. पण कोल्हापुरात ते उत्तर तोंडात बसलेलं आहे. पुरात सापडलेली गाडी म्हटली की लोक नाक मुरडतात, शिवाय माझ्या गाडीत दुसऱ्यांची मुलं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मिस्त्रींनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. आमच्या तोंडांत हातभराचं अंतर होतं.

"वैनी, मी तुमच्याकडनं गाडी इकत घ्याय लागलोय का?"

"दोन दिवस होती पाण्यात."

"दोन दिसात एवढा गाळ बसत न्हाय. ह्यो नदीचा गाळ हाय, नाल्याचा न्हवं. निवांत बसलाय."

"पाच दिवस," मी म्हणाले.

"हां." जणू एखादं पत्र्याचं माप बरोबर आलं अशा आवाजात ते म्हणाले. मग पडल्या पडल्याच त्यांनी मला समजावून सांगितलं. पूर ओसरल्यावर मी गाडी वरून धुतली, आतून धुतली, बाकं उन्हात वाळवली. चासीच्या पोटात गेलेला गाळ मात्र आतच राहिला. गाळ ओल धरून ठेवतो. ती ओल बाहेर पडायला कंपनीनं भोकं ठेवली होती, ती मी दरवर्षी मे महिन्यात न चुकता ऑईलनं बंद करत आले होते.

"म्हणजे हे मी केलं?"

"मग काय मी केलं?" ते म्हणाले आणि सरकत बाहेर निघून गेले.

मी तशीच पडून राहिले. माझ्या यादीतल्या ज्या कामापुढं दरवर्षी सगळ्यात आधी बरोबरची खूण व्हायची, त्याच कामानं गाडी खाल्ली होती.

बाहेर आले तर ते पुढच्या बंपरपाशी उकिडवे बसले होते. "दसऱ्याला नारळ हितं फोडतायसा," डावं टोक दाखवत म्हणाले. "दर साली ह्याच कोपऱ्यावर. नारळाचं पाणी आत उतरतंय, वरनं हळद-कुंकू बसतंय, कोण पुसत न्हाय. देवाचं म्हणून तसंच ठेवत्यात. उजव्या अंगाला भित्ताड असंल तुमच्या दारात. तिकडं हात फिरवाय जागा नसंल."

आमच्या दारात उजव्या बाजूला शेजाऱ्यांची भिंत आहे. गाडीला चिकटूनच. ते आमच्या घराकडं कधी आले नव्हते, आमची गल्ली कुठली हेही त्यांना माहीत नव्हतं. एका बंपरच्या टोकाकडं बघून त्यांनी माझं दार सांगितलं. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी वाद घालायचं सोडलं. निदान तसं मी ठरवलं होतं.

ऐकू येत नसलेला माणूस पत्रा आतून चांगला की कुजका हे कसा ओळखतो, हे मला पुढच्याच आठवड्यात बघायला मिळालं. त्यांच्याकडं हातभर लांब एक स्क्रू ड्रायव्हर होता, लाकडी मुठीचा. त्याची मूठ ते दातांत धरायचे, टोक पत्र्याला टेकवायचे, डोळे मिटायचे आणि शेजारी बोटाच्या पेरानं टकटक करायचे. दोन बोटं पुढं सरकायचं, परत टकटक. मुठीवर त्यांच्या दातांच्या खाचा पडल्या होत्या. चांगल्या जागेवरून पुढं जायचे, कुजक्या जागेभोवती लाल खडूनं रेघ ओढायचे. नंतर त्या रेघेवर कटर चालवला की आत बरोबर तेवढाच पत्रा गेलेला असायचा. एका बोटाचाही फरक नाही. मी पट्टी लावून मोजलंय. विचारलं तर म्हणाले, "कान फसवतोय. दाताला खोटं जमत न्हाय."

पांढरा शर्ट का, हेही मी विचारलं होतं. गंजाचं काम करणाऱ्यानं पांढरं घालायचं म्हणजे अतीच झालं. ते म्हणाले, "पांढऱ्यावर गंज दिसतोय. संध्याकाळी शर्ट काढला की दिवसभर काय केलं त्ये कळतंय. घरात आमची शिव्या घालती, ती येगळी गोष्ट."

शेडमध्ये खुर्ची नव्हती. गिऱ्हाईक आलं की त्याला एका मोठ्या पत्र्याच्या डब्यावर बसवायचे. मी त्या डब्यावर कित्येक दुपारी बसले. एकदा सहज खाली वाकून लेबल वाचलं तर तो लांबीचा डबा होता. सीलबंद. कुणा दुकानदारानं वर्षांपूर्वी नमुना म्हणून दिलेला. त्याचा त्यांनी केलेला तेवढाच उपयोग.

कापून काढलेले कुजके तुकडे ते भंगारात देत नसत. पिशवीत भरून मालकाच्या हातात द्यायचे. "तुमचं हाय, तुमी न्या. मी कुणाचा गंज ठिवून घेत न्हाय." कुणी ती पिशवी पुढच्या कोपऱ्यावर टाकून गेलं तर संध्याकाळी घरी जाताना मिस्त्री उचलून आणायचे आणि तो माणूस पुन्हा कधी आला, वर्षानं का असेना, की त्याच्या पुढ्यात ठेवायचे. "इसरून गेलता."

एकदा मी डब्यावर बसलेली असताना एका साखर कारखान्याचे संचालक आले. त्यांच्या वडिलांची जुनी लांबलचक गाडी होती. मुलीचं लग्न ठरलेलं, नवरदेव त्याच गाडीतून मांडवात आणायचा होता.

"मिस्त्री, दोन दिवसांत चकाचक करून पाहिजे."

"आधी खाली निजा."

संचालकांच्या अंगात कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. ते हसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "निज रे, बघ काय म्हणत्यात."

"गाडी ड्रायव्हरची हाय?" मिस्त्रींनी विचारलं.

"माझी हाय की."

"मग?"

 संचालकांचा चेहरा लाल झाला. "तुमी मला वळखलं न्हाई वाटतं."

"वळखलं की. तुमचं वडील हितंच निजून बघायचं. दर दिवाळीला."

संचालकांनी एकदा गाडीकडं बघितलं. मग त्यांनी घड्याळ काढून ड्रायव्हरकडं दिलं आणि ते पोत्यावर आडवे झाले. दहा मिनिटं खाली होते. बाहेर आले तेव्हा पाठ तांबडी झाली होती आणि आवाज उतरला होता. नवरदेव दुसऱ्या गाडीतून आला. ती गाडी चार महिने शेडमध्ये होती आणि दर रविवारी संचालक स्वतः येऊन त्या डब्यावर बसत होते. एका रविवारी मला त्यांच्यासाठी उठून जागा द्यावी लागली.

मला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. एवढ्या हट्टामागं काहीतरी घडलेलं असणार असं मी धरून चालले होते. कुठला तरी अपघात, लांबी भरून दिलेली एखादी गाडी, कुणाचा तरी जीव. एका दुपारी चहा पिताना मी धीर करून विचारलं, "मिस्त्री, लांबी न वापरण्यामागं काही घडलं होतं का हो?"

त्यांना नीट ऐकू यावं म्हणून मला दोनदा ओरडून विचारावं लागलं. त्यांनी बराच विचार केला.

"न्हाय ओ. मला तिचा वास आवडत न्हाय."

एवढंच. मी वाट बघत राहिले, पण पुढं काही नव्हतं. त्या उत्तरानं मी हिरमुसले होते. घरी जाताना मात्र वाटलं, मोठं दुःख पाठीशी असेल तर माणूस नीट काम करणारच. काहीच घडलेलं नसताना, कुणी विचारणारं नसताना चाळीस वर्षं असं काम करत राहणं मला जमलं असतं का?

जूनमध्ये शाळा सुरू होणार होती. मेच्या शेवटापर्यंत गाडीचा तळ नवा झाला, दारांच्या कडा झाल्या, उजवा दांडा झाला. शाळेच्या आधीच्या शुक्रवारी मी गेले ती गाडी घरी न्यायच्या तयारीनंच. पालकांना सोमवारपासून येते असं कळवून टाकलं होतं.

मिस्त्री डाव्या दांड्यापाशी बसले होते. मागच्या चाकाच्या वर, जिथं स्प्रिंगचे पाटे चासीला धरलेले असतात, तिथं लाल खडूची रेघ होती. कोपरापासून बोटांपर्यंत हात धरावा एवढी लांब.

"अजून तीन आठवडे," ते म्हणाले.

"मिस्त्री, सोमवारी शाळा आहे."

"असंल की."

तेवढ्यात माझा फोन वाजला. एका मुलाचे वडील होते, गांधीनगरला कापडाचं दुकान असलेले. मी त्यांना अडचण सांगितली तर म्हणाले, "अहो मॅडम, इतकी वर्षं चालली गाडी, तीन आठवड्यांत काय मोडतीया? चालवा की. मिस्त्री लोकांचं काय, त्यांना गाडी अडकवूनच ठेवायची असती."

मी फोन ठेवला. खरं सांगायचं तर माझ्या मनातही तेच होतं. त्या अकरा मुलांवर माझं घर चालतं. पहिल्या आठवड्यात गाडी आली नाही की पालक दुसरी सोय बघतात आणि एकदा गेलेलं मूल परत येत नाही. दुसऱ्या एका व्हॅनवाल्यानं आमच्या गल्लीत फिरायला सुरुवातही केली होती. मी मिस्त्रींजवळ वाकून म्हणाले, "तळ झालाय, एक बाजू झाली. एवढी जागा राहिली आहे. वरून रंग मारून द्या. दिवाळीपर्यंत चालवते, सुट्टीत परत आणते. लिहून देते हवं तर."

ते भांडले नाहीत. खिळ्याला अडकवलेली चावी काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

"न्या. गाडी तुमची हाय."

मी चावी घेतली. मग त्यांनी तो लांब स्क्रू ड्रायव्हर उचलला, मूठ शर्टाच्या आतल्या बाजूनं पुसली आणि माझ्यापुढं धरली.

"एवढं जरा दातात धरा."

मला कसंतरीच झालं. पण धरली. त्यांनी टोक उजव्या दांड्याला, नव्या कामावर टेकवलं आणि बोटानं टकटक केली. कानाला ते जेमतेम ऐकू आलं असतं. दातांतून मात्र तो आवाज डोक्यात भरला. स्वच्छ, लांब, देवळातल्या घंटेला हात लावून उभं राहावं तसा. कवटीभर घुमला आणि हळूहळू विरत गेला.  या माणसाच्या कानांत सगळं शांत होतं आणि आत रोज हे वाजत होतं.

मग त्यांनी टोक डाव्या दांड्याला, लाल रेघेच्या आत टेकवलं. बोट आपटताना मला दिसलं. आवाज आलाच नाही. ओल्या पोत्यावर मारावं तसं काहीतरी दातांना लागलं आणि संपलं. त्यांनी परत मारलं, जोरात. तेच. टोक दोन बोटं सरकवलं. तेच.

"ह्याच्यावर कुणाचं बाक येतंय?" त्यांनी विचारलं.

गाडीत कोण कुठं बसतं याचा तक्ता माझ्याकडं असतो. तो बघायची गरज नव्हती. "पहिलीतल्या दोघी," मी म्हणाले. मूठ अजून माझ्या दातांतच होती, त्यामुळं शब्द नीट उमटले नसणार. पण त्यांना ते कळलं. त्यांनी मान हलवली आणि ते पलीकडं जाऊन ग्राइंडरची चाकी बदलत बसले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी चावी परत खिळ्याला अडकवली. मग त्या डब्यावर बसून अकरा घरी फोन केले. गाडी पुरात पाच दिवस होती, हेही या वेळी सांगितलं. कापड दुकानवाले चिडले. "हे तुम्ही आत्ता सांगताय?" त्यांचं बरोबर होतं. त्या संध्याकाळपर्यंत तीन मुलं दुसऱ्या व्हॅनला गेली. उरलेल्या आठांसाठी मी दोन रिक्षा ठरवल्या आणि तीन आठवडे सकाळी एकीतून, दुपारी दुसरीतून मुलांबरोबर जात राहिले.

मुलांना सोडलं की मी शेडवर जायचे. एरवी मी कुणाचं काम बघत बसणारी बाई नाही. पण ते काम बघण्यासारखं होतं. दांड्याची एक बाजू कापून त्यांनी खिडकीसारखी उघडली. आतला घट्ट बसलेला गाळ चमच्यानं काढला, मग तारेच्या ब्रशनं आतली भिंत घासून चांदीसारखी केली. नवा पत्रा कापायच्या आधी चपलेच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा साचा केला, तो बसवून बघितला, काढला, नखाएवढा कातरला, परत बसवला. असं सात वेळा. खिडकी बंद करायच्या आधी त्यांनी आत हात घालून तांबड्या रंगाचा एक हात मारला. एक दिवस वाळू दिला. मग दुसरा हात. ब्रशचे फटकारे सगळे एका दिशेनं, भिंतीवर शेवटचा हात मारावा तसे. त्यानंतर ती पेटी कायमची बंद होणार होती.

मला राहवेना. "मिस्त्री, हे आतलं कुणाला दिसणार आहे?"

"पाण्याला," ते म्हणाले.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात गाडी आरटीओच्या तपासणीतून पास झाली. सोमवारपासून मुलं न्यायची होती. त्या सकाळी पावणेसातला मी दार उघडलं तर मिस्त्री आमच्या गल्लीत गाडीशेजारी उभे. पत्ता कुणाला विचारत आले कोण जाणे. मला वाटलं काही राहिलं असेल.

"काय झालं मिस्त्री?"

"काय न्हाय. चला."

आणि पुढं माझ्या शेजारी न बसता ते मागच्या दारानं चढले आणि डाव्या बाकावर जाऊन बसले. एकेका घरासमोरून मुलं चढत गेली. पहिलीतल्या दोघी त्यांच्या दोन्ही बाजूंना बसल्या.

"आजोबा, तुम्ही कुठल्या शाळेत?" एकीनं विचारलं. त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी दोन्ही तळहात बाकावर टेकवले होते आणि डोळे मिटले होते. गुडघे समोरच्या मुलांच्या दप्तरांना लागत होते.

मी आरशातून बघत गाडी चालवत होते. पाऊस बारीक होता, रस्ते खड्ड्यांनी भरलेले. एका स्पीडब्रेकरवर मी मुद्दाम जरा वेगात घेतली. काही झालं नाही. मागं डब्यात कुणाची भाजी जास्त आहे यावरून भांडण जुंपलं होतं, खिडकीपाशी कुणी बसायचं यावरून दुसरं. शाळेपर्यंत त्यांचं तेच चाललं. मिस्त्री मध्ये बसून होते, डोळे मिटून.

शाळेच्या फाटकापाशी ते आधी उतरले, मागचं दार धरून उभे राहिले आणि आठही मुलं खाली उतरेपर्यंत हलले नाहीत. मुलं भांडत भांडतच आत पळाली. एकानंही मागं वळून बघितलं नाही.

"कसं वाटलं मिस्त्री?" मी ओरडून विचारलं. "काम बघायला आला होता ना?"

"बघितलं की." त्यांनी दार लावून घेतलं. "पोरं भांडत हुती. गाडीकडं एकाचंबी ध्यान न्हवतं."

"मग?"

"मग काय. झालं काम."

शेडवर सोडते म्हटलं तर नको म्हणाले. रस्ता ओलांडला आणि पावसातच चालत निघून गेले. मी गाडीतच बसून राहिले. शाळेची घंटा झाली, प्रार्थना सुरू झाली, मागून कुणीतरी दोनदा हॉर्न वाजवला, तेव्हा कुठं मी गिअर टाकला.